हापूसची पट्टी कोण वाचणार?

रत्नागिरीत करसल्लागार म्हणून माझी तीस वर्षं गेली. पूर्वी छाननीची नोटीस आली की बागायतदार फाइल काखोटीला मारून माझ्यासोबत आयकर कार्यालयात यायचा. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय ई-मूल्यांकन केंद्र सुरू झालं. पहिल्या टप्प्यात ५८,३२२ प्रकरणं घेतली गेली आणि पुढे हे हेलपाटे थांबले. या चेहराविरहित पद्धतीत कोणाचं प्रकरण कोणाकडे जाणार हे संगणक ठरवू लागला. ओळखीपाळखीला आणि मध्यस्थाला वाव उरला नाही. ही सुधारणा मोठी आहे, आणि ती मोडू नये असंच मला वाटतं.

मात्र पहिल्या काही वर्षांचा हिशेब मांडायलाच हवा. आदेशाचा मसुदा न देता किंवा मागितलेली सुनावणी नाकारून काढलेले अनेक आदेश २०२१ मध्ये दिल्ली आणि मुंबई उच्च न्यायालयांनी रद्द केले. २०२२ च्या वित्त कायद्याने मागितल्यास व्हिडिओवर सुनावणी देणं बंधनकारक केलं, हे चांगलं झालं. पण प्रक्रिया मोडून केलेलं मूल्यांकन मुळातच रद्दबातल ठरवणारी तरतूद त्याच कायद्याने काढून टाकली. करदात्याची ढालच गेली.

सुनावणीचा मी एवढा आग्रह का धरतो, ते आंब्याच्या फाइलीवरून सांगतो. तिच्यात सातबारा असतो, वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या असतात, मोसमाआधी घेतलेली उचल असते, फवारणीची बिलं आणि राखणदारांचा पगार असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण ते शेतीचंच आहे हे दाखवायची जबाबदारी करदात्यावर. काही वर्षांच्या करारावर बाग घेऊन आळी, खत, फवारणी, राखण असं सगळं करणाऱ्याचं उत्पन्न शेतीचं ठरू शकतं. झाडावरचं तयार फळ नुसतं विकत घेणाऱ्याचा मात्र तो धंदा. पट्टी दोघांची सारखीच दिसते. फरक कळतो तो चार प्रश्न विचारल्यावर. आणि फाइल उघडणाऱ्या दूरच्या अधिकाऱ्याला मराठी सातबारा वाचता येईलच असं नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. शेती-उत्पन्न नाकारायचं असेल तिथे करदात्याने मागायची वाट न पाहता अधिकाऱ्यानेच सुनावणी द्यावी. मराठी कागदपत्रं असलेली प्रकरणं मराठी जाणणाऱ्या पथकाकडेच जावीत. अधिकाऱ्याचं नाव गुप्त ठेवूनही हे करता येईल. आणि अपिलांना खरी मुदत हवी. २५ सप्टेंबर २०२० पासून पहिलं अपीलही चेहराविरहित झालं आहे, पण ते निकाली काढायला कायद्यात असलेली एक वर्षाची मुदत ‘शक्य असेल तर’ एवढ्यावरच सोडलेली आहे. आमच्या बागायतदाराला कर भरायची मुदत कोणी अशी सैल देत नाही.

अधिकाऱ्याचा चेहरा दिसला नाही तरी चालेल. पट्टी पुढे ठेवून बागायतदाराने आपल्या भाषेत सांगितलेलं त्याच्या कानावर पडलं पाहिजे.