रक्तगट आणि संशय

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या तक्रारींमध्ये नवऱ्याचा संशय ही काही नवी गोष्ट नाही. उशिरा आली, हसून बोलली, मूल काळे झाले, एवढे कारण पुरते. अलीकडे मात्र संशय कागद घेऊन येतो. आई 'ए' गटाची, बाप 'बी', आणि शाळेच्या ओळखपत्रावर मुलाचा गट 'ओ'. झाले! "हा माझा नाहीच" म्हणून बाईला माहेरी धाडले. डॉक्टरला विचारायला कोणी गेले नाही.

विचारले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. हा गट ठरवणारी जनुके प्रत्येकात दोन असतात, एक आईकडून आलेले, एक बापाकडून. 'ए'च्या आड 'ओ' दडलेला असू शकतो, 'बी'च्या आडही. दोघांनी आपापला 'ओ' दिला की मूल 'ओ' होते. पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूल होते तेही असेच.

बरे, दोघेही 'ओ' आणि मूल 'ए' निघाले तर? पुस्तकातला तक्ता म्हणतो, अशक्य. पण या कोड्याचे उत्तर आपल्या मुंबईतच सापडले आहे. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाची नोंद केली. 'ए' आणि 'बी' ज्यावर उभे राहतात तो 'एच' नावाचा पायाच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. म्हणून साध्या तपासणीत ते 'ओ' ठरतात. जनुकातला 'ए' मात्र मुलाकडे जातो, आणि दुसऱ्या पालकाकडून 'एच' मिळाला की दिसू लागतो. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा असतो. (अशा बाईला बाळंतपणात साधे 'ओ' रक्त चढवले तर जिवावर बेतते. त्याची चौकशी कोणी करत नाही, मुलाच्या बापाची मात्र सगळे करतात.)

रक्तगटावरून फार तर "हा बाप नसावा" एवढे म्हणता येते, "हाच बाप" असे कधीच नाही. पण पुरुष बीज आणि बाई शेत, ही समजूत खोल रुजलेली आहे. लीला दुबे यांनी तिच्यावर सविस्तर लिहिले आहे. मुलात निम्मी जनुके आईची असतात हे शाळेत शिकूनही घरी कागद वाचला जातो तो शेताच्या सातबाऱ्यासारखा.

कायदा इथे बाईच्या बाजूने आहे, हे आपल्याच कार्यकर्त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. पोटगी टाळण्यासाठी एका नवऱ्याने मुलाच्या रक्तगटाची तपासणी मागितली, तेव्हा गौतम कुंडू खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. असे आदेश सरसकट देता येणार नाहीत असे बजावले. लग्न टिकून असताना झालेले मूल नवऱ्याचेच मानायचे. त्या काळात दोघांचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर. जुन्या पुरावा कायद्याचे हे कलम ११२. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ म्हणून आले आहे. 'औरस' हा शब्द मला पटत नाही, पण पोटगीच्या अर्जात हे कलम उपयोगी पडते, तेव्हा वापरावेच.

पुढच्या आरोग्य शिबिरात लोहाच्या गोळ्या वाटून झाल्या की नर्सबाईंकडून रक्तगटाचा तक्ता फळ्यावर काढून घ्या. त्या दिवशी नवऱ्यांनाही बोलवा. सासवांनाही.