आमचे हॉटेल खोटे नव्हे!

माझे वडील हॉटेलवाले होते. तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडासमोर, त्यांचे हॉटेल होते. सहा बाकडी, तीन संगमरवरी टेबले, शेव-चिवड्याच्या बरण्या, गल्ल्यामागे लक्ष्मीची तसबीर आणि तिच्याखाली ‘कृपया उधार मागू नये’ ही पाटी. रात्री मुक्कामाला तेथे एक पोऱ्या आणि एक मांजर, एवढीच वस्ती. तरीही ते हॉटेलच होते. फळीवर तसे रंगविलेले होते, नगरपालिकेच्या पावतीवर तसे लिहिलेले होते, आणि सबंध गाव त्यांना ‘हॉटेलवाले अण्णा’ म्हणूनच ओळखत असे. त्या हॉटेलाच्या जिवावर आम्ही तिघे भावंडे शिकलो.

गेल्या महिन्यात माझी नात शाळेतून घरी आली ती तोंड पाडून. इंग्रजी निबंधाचा विषय होता ‘आमचे पणजोबा’. पोरीने लिहिले की, माझ्या पणजोबांचे हॉटेल होते आणि तेथली मिसळ फार नामांकित होती. बाईंनी ‘हॉटेल’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन भर वर्गात विचारले, “किती खोल्या होत्या गं त्या हॉटेलात?” वर्ग हसला. पोरगी घरी येऊन मला विचारते, “आजोबा, पणजोबांचं हॉटेल खोटं होतं का?”

वाचकहो, तांबड्या रेघेचे मला काही वाटत नाही. माझ्या स्वतःच्या वह्या अशा रेघांनी भरलेल्या असत. पण ज्या शब्दावर एका माणसाने पस्तीस वर्षे पहाटे चारला उठून भट्टी पेटविली, तो शब्द त्याच्या पणतीला लाजिरवाणा वाटावा, याचे मात्र मला फार वाटले. म्हणून या हॉटेलाची वकिली करायला मी आज उभा आहे.

पहिला प्रश्न असा की, ‘हॉटेल’ हा शब्द मुळात कोणाच्या बापाचा? इंग्रजांच्या तर नव्हेच. लॅटिन भाषेत ‘होस्पेस’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणा, आणि गंमत म्हणजे यजमान हाही त्याचाच अर्थ. दाराच्या आतला आणि दाराबाहेरचा, दोघांना एकच नाव! या एका मुळाला पुढे अनेक धुमारे फुटले. हॉस्पिटल, हॉस्टेल आणि हॉटेल ही तिन्ही त्याच घराण्यातली सख्खी भावंडे. एकाच्या नशिबी रोगी आले, दुसऱ्याच्या विद्यार्थी आणि तिसऱ्याच्या प्रवासी.

फ्रेंच लोकांचे ‘ओतेल’ तर बहुरूपीच आहे. पॅरिसमध्ये ‘ओतेल द व्हिल’ अशी पाटी वाचून कोणी खोली मागायला आत शिरला, तर त्याच्यापुढे महापालिकेचा शिपाई उभा राहील. कारण ते नगरभवन आहे. ‘ओतेल-द्यू’ म्हणजे शब्दशः देवाचे ओतेल. तेथे रोग्यांवर उपचार होतात. ‘ओतेल दे झँव्हालीद’ ही वास्तू चौदाव्या लुईने 1670 साली जखमी आणि थकलेल्या सैनिकांसाठी काढली. आज तेथे नेपोलियनची समाधी आहे. श्रीमंतांचा शहरातला वाडाही ओतेलच, आणि प्रवाशांचा मुक्कामही ओतेलच. इंग्रजांनी सतराव्या-अठराव्या शतकांत हा शब्द उचलला, त्यातले वाडे, रुग्णालये आणि नगरभवने हळूच बाजूला ठेवली आणि प्रवाशाचा मुक्काम तेवढा ठेवून घेतला. त्या वेळी पॅरिसहून कोणी तांबडी पेन्सिल घेऊन लंडनला गेल्याचे ऐकिवात नाही.

बरे, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांत तरी एकमत आहे काय? ऑस्ट्रेलियात ‘हॉटेल’ म्हणजे कित्येकदा निव्वळ दारूचा गुत्ता. तेथल्या परवान्याच्या कायद्याची अट अशी असे की, दारू विकणाऱ्याने मुक्कामाची सोयही ठेवली पाहिजे. पुढे खोल्या नावापुरत्या उरल्या, पेले मात्र खरे राहिले, आणि पाटी तीच! केनियात ‘होटेली’ म्हणजे चहा-नाश्त्याची साधी जागा. कलकत्त्याचे ‘पाइस हॉटेल’ म्हणजे चार पैशांत मासा-भात वाढणारी खानावळ. कर्नाटकातल्या ‘मिलिटरी हॉटेला’त मटण मिळते, सैनिकच असले पाहिजे असे काही नाही. मिसळीचे हॉटेल चालविणारे माझे वडील या साऱ्या मंडळींच्या पंगतीला बसले आहेत. मग पाटावरून उठविण्यासाठी एकट्या त्यांचाच हात का धरावा?

आणि शब्दाने घर बदलले की स्वभाव बदलायचाच. फारसीत ‘शिकस्त’ म्हणजे पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो आणि पुष्कळदा जिंकतोही. पोर्तुगीजांचे ‘पगार’ हे क्रियापद, त्याचा अर्थ पैसे देणे. आपण त्याचे नाम केले, आणि आता एक तारखेला सारे घर त्याची वाट पाहते. संस्कृतातही हाच न्याय. हिंदी मुलाला ‘शिक्षा’ मिळाली की आई पेढे वाटते. मराठी मुलाला मिळाली की तो कोपऱ्यात उभा असतो. बंगाली माणूस ‘चेष्टा’ करतो म्हणजे कसून प्रयत्न करतो. आपण चेष्टा करतो ती कोणाची तरी टिंगल. यातले चूक कोण आणि बरोबर कोण? ज्याच्या त्याच्या घरी जो तो बरोबर.

आता उलट बाजू पाहा. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थाने 1810 साली लंडनमध्ये ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. नाव कॉफीचे, पण जाहिरात हिंदी पदार्थांची आणि हुक्क्याची! तो धंदा बुडाला. मग या पठ्ठ्याने ब्रायटनला जाऊन इंग्रजांना ‘शॅम्पू’ करायला सुरुवात केली. हा शब्द आपल्याच चंपीच्या घराण्यातला, आणि तेव्हा त्याचा अर्थ अंग रगडणे असाच होता. पुढे इंग्रजांनी त्यातले रगडणे काढून टाकले, त्यात साबण ओतला आणि बाटलीत भरून तो आम्हांलाच परत विकला. आपल्या पायजम्याला त्यांनी झोपायला लावले. पुरीच्या जगन्नाथाचा अवजड मालमोटार केला. त्यांचे ‘पंडित’ आता निवडणुकीवर आणि चेंडूफळीवर प्रवचने झोडतात. या ‘चुकां’बद्दल लंडनच्या कोणत्या शाळेत मुलांना हसतात, ते मला कोणी दाखवून द्यावे! त्यांनी बदलला तर तो भाषेचा विकास, आम्ही बदलला तर ते अज्ञान. हा दुजाभाव शब्दकोशातून आलेला नाही, आमच्या मनातून आला आहे. साहेब जाऊन इतकी वर्षे झाली, तरी त्याची छडी आम्ही अजून आपल्याच हाताने आपल्या पोरांवर चालवितो आहोत.

दुसऱ्या बाजूने आमचे शुद्धिवादी मित्र येतात. ते म्हणतात, “हॉटेल टाका, उपाहारगृह म्हणा.” त्यांच्याविषयी मला आदर आहे, ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ अशाच खटपटीतून आले आणि रुजले. पण दमलेला माणूस एस. टी.तून उतरून “जवळ उपाहारगृह कोठे आहे?” असे विचारीत नाही. खानावळ म्हणावे, तर ती निराळी. तिला वेळा ठरलेल्या आणि हिशेब महिन्याचा. कोणीही, केव्हाही, खिशात चहापुरते पैसे असताना बाकड्यावर येऊन टेकावे, ही वस्तू नवी होती. तिला नवा शब्द मिळाला. मुक्कामासाठी आपण ‘लॉज’ वेगळा काढला. खाण्याचे ते हॉटेल आणि निजण्याचे ते लॉज, इतकी चोख वाटणी इंग्रजांनाही साधली नाही!

या शब्दाला लाज आणणारी गोष्ट घडली नाही असे मात्र नाही. गावोगावच्या हॉटेलांत एके काळी दलितांसाठी वेगळ्या कपबश्या असत; चहा पिऊन ज्याची त्याने विसळून बाहेर ठेवायची. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला आणि तेथे कोणालाही मज्जाव नाही असे लिहावे लागले, ते उगीच नव्हे. ज्या शब्दाच्या मुळाशी पाहुणा आणि यजमान एक आहेत, त्या शब्दाच्या दारात माणसाला कप वेगळा देणे, हा खरा अर्थाचा अनर्थ. तांबडी रेघ ओढायचीच असेल, तर ती तेथे ओढा. खोल्या कसल्या मोजता?

बाईंवर माझा राग नाही. इंग्रज वाचकासाठी लिहिताना त्याला समजेल तो शब्द वापरावा, हे मुलांना शिकविलेच पाहिजे. नाही तर आमचा माणूस परदेशी मिसळ शोधायला जाईल आणि खोलीचे भाडे भरून उपाशी परत येईल. पण ते शिकविण्याची रीत आहे. “तुझ्या घरी याचा अर्थ असा, त्यांच्या घरी तसा,” एवढे म्हटले असते तर वर्गाला एकाऐवजी दोन अर्थ मिळाले असते, आणि एक पोरगी रडत घरी आली नसती.

नातीला मी हे सारे आपल्या परीने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “म्हणजे पाहुणे यायचे, बसायचे, खायचे, ते हॉटेलच ना?” मी म्हटले, “हो, बाळ. हॉटेलच.”

वडिलांच्या हॉटेलाची ती रंगीत फळी अजून आमच्या माळ्यावर होती. या दिवाळीत नातीने ती खाली काढायला लावली, पुसली आणि फराळाच्या ताटांमागे भिंतीला टेकवून ठेवली आहे. आपण कधी आमच्याकडे आलात तर बसायला बाकडे आहे आणि चहा तयार आहे. खोल्या मात्र विचारू नका!