‘कंपनीचाच पार्ट’ नावाची अंधश्रद्धा

आपल्याकडे गाडीच्या बाबतीत एक वाक्य वेदवाक्यासारखं चालतं: "कंपनीचाच पार्ट टाका, डुप्लिकेट नको." अमेरिकेत येणारी आपली मंडळी हे वाक्य लोणच्याच्या बरणीबरोबर बॅगेत घालून आणतात आणि वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीलाही तेच लावतात. माझं म्हणणं असं, की हे वाक्य अर्धवट आहे. जुन्या इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डच्या बाबतीत तर ते चक्क महागात पडू शकतं.

आधी हा मॅनिफोल्ड म्हणजे काय ते सांगतो. फिल्टरमधून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारा हा नळ्यांचा जुडगा. व्ही आकाराच्या इंजिनात तो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, वरच्या बाजूला बसतो. नुसती हवाच वाहायची असती तर काही प्रश्न नव्हता. पण कित्येक इंजिनांत गरम कूलंटही याच्याच पोटातून जातं. पूर्वी हे बिडाचे नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे असत. नव्वदच्या दशकात काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे बरेच आले. वजनाला हलके, आतून गुळगुळीत, आणि आतली हवा कमी तापते. हवेसाठी झकास. पण वर्षानुवर्षं गरम कूलंट पोटात घेऊन तापत-थंडावत राहणं नायलॉनला सोसत नाही. ते हळूहळू ठिसूळ होतं आणि एक दिवस तडकतं.

उदाहरण घ्या फोर्डच्या ४.६ लिटर व्ही-८ इंजिनाचं. क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस, लिंकन टाउन कार या बोटीसारख्या लांबलचक गाड्यांत हे असायचं. १९९६ ते २००१ च्या बऱ्याच गाड्यांत मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाची कूलंटची आडवी वाट प्लास्टिकचीच होती. नेमकी तीच तडकायची. कूलंट स्पार्क प्लगच्या खड्ड्यांत उतरायचं, इंजिन अडखळायचं, आणि चालवणाऱ्याने लक्ष दिलं नाही तर तापून बसायचं. प्रकरण कोर्टात गेलं, २००५ मध्ये तडजोड झाली आणि फोर्डने या एका पार्टची हमी गाडी वापरात आल्यापासून सात वर्षांपर्यंत वाढवून दिली. दरम्यान कंपनीने डिझाइन बदललं होतं आणि ती आडवी वाट अ‍ॅल्युमिनियमची केली होती.

आता मला सांगा, यातला ‘ओरिजिनल’ कुठला? भंगारवाल्याकडे त्याच साली बनलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड मिळतो. त्यावर कंपनीचा शिक्का आहे, शंभर टक्के अस्सल आहे, आणि तडकणारही शंभर टक्के अस्सलच! उलट डॉर्मनसारखी बाहेरची कंपनी अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या वाटेचा मॅनिफोल्ड विकते. ‘कंपनीचाच’ हा नियम पाळणारा माणूस पहिला घेईल, दुसऱ्याला नाक मुरडेल.

हे एकट्या फोर्डचं नाही. जनरल मोटर्सचं ३८०० सिरीज-२ हे व्ही-६ इंजिन दणकटपणासाठी नावाजलेलं. पण त्याच्या प्लास्टिकच्या वरच्या मॅनिफोल्डमध्ये एक्झॉस्टचा गरम वायू परत आणणारी नळी घुसते. तिच्या आजूबाजूचं प्लास्टिक उष्णतेने खराब होतं आणि शेजारून जाणारं कूलंट हवेच्या वाटेत शिरतं. पाणी काही दाबलं जात नाही. सिलिंडर त्याने भरला तर इंजिन अडकतं, कधी कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. २००४ मध्ये आलेल्या सिरीज-३ मध्ये कंपनीने स्वतःच वरचा मॅनिफोल्ड अ‍ॅल्युमिनियमचा केला. म्हणजे कंपनीचा आपल्या जुन्या डिझाइनवर जेवढा विश्वास उरला नाही, तेवढा आपला!

या श्रद्धेचं मूळ मला भाषेत दिसतं. नाना पेठेतल्या दुकानात ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ अशा दोनच जाती. दुसऱ्याचं नाव चोरून विकलेला खोटा माल आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हमीवर विकलेला बाहेरचा माल, दोन्ही एकाच शब्दात कोंबलेले. पहिला फसवणूक आहे, दुसरा धंदा आहे. शिवाय गाडीची कंपनी तरी सगळं स्वतः कुठे बनवते? कितीतरी पार्ट पुरवठादाराच्या कारखान्यातून येतात, खोका तेवढा कंपनीचा.

"पण वॉरंटी जाईल ना!" अहो, पंचवीस वर्षांच्या गाडीला कसली वॉरंटी? आणि नव्या गाडीलाही, केवळ बाहेरचा पार्ट वापरला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, असा अमेरिकेत १९७५ पासून कायदा आहे.

याचा अर्थ सगळ्यात स्वस्त खोका उचला, असा मुळीच नाही. बाहेरच्या मालात कचराही भरपूर आहे. बसण्याची कड सपाट नसते, गॅस्केट हलकं असतं, बोल्टच्या आट्यांसाठी बसवलेले धातूचे तुकडे सैल असतात. आणि "प्लास्टिक नकोच, रेसिंगचा अ‍ॅल्युमिनियमचा बसवतो" म्हणणाऱ्या हौशी मंडळींनाही माझा नमस्कार. त्यातल्या अनेकांच्या नळ्या आखूड असतात. वरच्या फेऱ्यांना ताकद मिळते, पण सिग्नलवरून निघताना गाडी मरगळते. आपण काय रोज शर्यतीत जातो? कॅलिफोर्नियात तर मूळ रचना बदलणाऱ्या पार्टला राज्याची मंजुरी लागते, नाहीतर दर दोन वर्षांनी होणाऱ्या धुराच्या तपासणीत अडकायला होतं.

तेव्हा विचारायचे प्रश्न तीनच. जुना पार्ट वयाने गेला की डिझाइनने? डिझाइनने गेला असेल तर नव्यात ती जागा बदलली आहे का? आणि मेकॅनिक तो नवं गॅस्केट घालून, टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने आवळणार आहे का? प्लास्टिक हाताच्या अंदाजाने आवळलं तर कुठल्याही शिक्क्याचं तडकतं. तिन्ही उत्तरं नीट आली आणि सुधारलेला पार्ट कंपनीकडेच मिळत असेल, तर खुशाल कंपनीचा घ्या. माझं कंपनीशी वैर नाही.

आता भारतातल्या गाड्यांतही प्लास्टिकचे मॅनिफोल्ड सर्रास असतात, आणि त्या गाड्याही जुन्या होणारच आहेत. दुकानदार "ओरिजिनल देऊ का साहेब?" असं विचारेल तेव्हा खोक्यावरचं नाव वाचून मान डोलावू नका. खोका उघडायला लावा आणि जुना पार्ट शेजारी ठेवून बघा.