फोटो कुणाचा, पान कुणाचे?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पंधरा दिवस उशिरा पडतो आहे. आपल्यासारख्या गटांची त्रैमासिके उशिरा निघतात यात नवे काही नाही. कधी कागदाचे पैसे जमत नाहीत, कधी कबूल केलेले लेख येत नाहीत, कधी मोर्चा आणि अंक एकाच आठवड्यात येतात. या वेळचे कारण मात्र वेगळे आहे. ते तुम्हाला सांगायला हवे असे वाटले, म्हणून नेहमीचे संपादकीय बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी सध्या क्षेत्रकार्यासाठी आपल्याकडे येते. आठवड्यातले दोन दिवस विरार लोकलने येते. फोटो चांगले काढते, म्हणून या अंकाचे फोटो आणि पानांची मांडणी तिच्यावर सोपवली. पाने छापखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी नालासोपाऱ्याच्या आपल्या खोलीत सतरंजीवर सगळी डमी पसरली होती. पारोळच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या बायांवरचा लेख होता. त्या पानावर मोठा फोटो होता : डोक्यावर विटांची चळत, मान वाकलेली, चेहऱ्यावर घाम. आम्ही साऱ्याजणी ‘वा’ म्हणालो. फोटो काढणारी तीच, पण ती गप्प होती. मग म्हणाली, “ताई, हे पान त्या मावशींना दाखवलंय का आपण?”

कुणीच दाखवले नव्हते. फोटो काढताना विचारले होते, त्यांनी मान हलवली होती. तेवढे पुरे, असे आम्ही धरून चाललो होतो. मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण हा प्रश्न मी स्वतः विद्यार्थिनी असताना शिकले होते, एका बाईला त्याची किंमत मोजावी लागली होती, आणि तरीही मी तो विसरले होते.

२०१३ साल होते. पालघर जिल्हा व्हायला अजून एक वर्ष होते, वसई तालुका ठाण्यातच होता. मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि याच गटात क्षेत्रकार्याला येत होते. “तुला कॉम्प्युटर येतो ना? मग अंकाचं बघ,” असे सांगून मला विरारच्या एका डीटीपीवाल्या दादांकडे बसवण्यात आले. पेजमेकर, श्रीलिपी, प्रूफ, प्लेट हे शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकले. सोळा पानांचा एक फर्मा, आपला अंक दोन फर्म्यांचा, म्हणजे बत्तीस पाने. तेहतिसावे पान नसते. मजकूर वाढला तर कापायचा, कमी पडला तर भोक बुजवायचे. भोक कशाने बुजवायचे? फोटोने. फोटो म्हणजे उरलेल्या जागेत घालायची वस्तू, ही माझी पहिली शिकवण. आपल्या किती अंकांत आजही असेच चालते, हे प्रत्येकीने आपापला अंक उघडून पाहावे.

हळूहळू इतर गोष्टी लक्षात येऊ लागल्या. बैठकीचे फोटो मी उभी राहून काढत असे. बाया सतरंजीवर बसलेल्या, मी वरून बघणारी. छापून आले की साऱ्याजणी बुटक्या, दबलेल्या दिसत. एकदा जागा नव्हती म्हणून मीही खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घेतला. त्याच बाया, तीच खोली, पण फोटोत त्या एकमेकींशी बोलताना दिसत होत्या. कॅमेरा दोन फूट खाली आला आणि बैठकीचा अर्थ बदलला.

तसेच फोटोखालच्या ओळीचे. मेळाव्याच्या फोटोखाली प्रमुख पाहुण्यांचे नाव पदासकट आणि पुढे ‘उपस्थित महिला’. भाईंदरच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत ज्या बायांनी दारोदार फिरून तो मेळावा उभा केला, त्या ‘उपस्थित’. फोटो जागेत बसेना तेव्हा कडेच्या बाया कापल्या जात, माईकसमोरची व्यक्ती नाही. हे कुणी ठरवून करत नव्हते. न ठरवता जे होते त्यातच आपल्या मनातली उतरंड दिसते.

कागदाचीही गोष्ट आहे. छापील फोटो म्हणजे शाईचे ठिपके. स्वस्त कागद शाई पितो, ठिपके पसरतात आणि सावळा चेहरा काळा डाग होऊन जातो. त्यावर छापखान्यातला उपाय ठरलेला : “बाईंना जरा उजळ करू.” म्हणजे मीठ, मासे, विटा वाहून उन्हात रापलेली बाई आपल्या पानावर यायची तर गोरी होऊन यायची! ही सवय इथलीच नाही. रंगीत फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी रंग जुळवून पाहण्यासाठी वर्षानुवर्षे एका गोऱ्या बाईचे चित्र असलेला नमुना पाठवत असे. त्याला ‘शर्ली’ म्हणत. तिची त्वचा नीट आली की रंग बरोबर, मग इतर कातड्यांचे काहीही होवो. उपाय अवघड नव्हता. फोटो सावलीत काढायचा, मागे पांढरी भिंत टाळायची, छापताना चेहऱ्याचा रंग न बदलता गडद भागातला तपशील राखायचा. पण तसे करावेसे वाटायला आधी खटकावे लागते.

समासातली नक्षीही आम्ही डोळे मिटून वापरत होतो. पालघरचा अंक म्हणून प्रत्येक रिकाम्या कोपऱ्यात वारली चित्र. एका आदिवासी कार्यकर्तीने विचारले, “आमच्यात चौक लग्नात काढतात. तुम्ही तो वर्गणीच्या सूचनेखाली का काढलात?” उत्तर नव्हते. लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचे काम परंपरेने सवाष्णींचे. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, बाजारात गेली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण भिंतीवर चौक काढत आलेल्या बायांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत, आणि स्त्रियांच्या अंकात आम्हीही ती नोंदली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी कौटुंबिक हिंसाचारावर अंक होता. नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीतल्या बाईने आपली हकिगत सांगितली आणि “काढा फोटो, मला भीती नाही,” असेही म्हणाली. मी तिचा तिच्या दारात फोटो काढला. नाव बदलले. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली. नियम पाळला असे मला वाटले. अंक निघाला. आपल्याच एका सभासद बाईने तो कौतुकाने शेजारी वाचायला दिला आणि तिथून तो त्या बाईच्या दिरापर्यंत पोहोचला. दाराला निळा रंग होता आणि वर शिंपल्यांचे तोरण. त्या चाळीत तसे दार एकच.

तिला दोन दिवस कोंडून ठेवले आणि मग मुलांसह गावी धाडले. संरक्षण अधिकाऱ्याकडे करायचा अर्ज अर्धा लिहिलेला राहिला. वर्षाने ती एकदा केंद्रावर आली. ओरडली नाही. म्हणाली, “ताई, तोंड झाकलंत, दार नाही झाकलंत.” पुन्हा ती आली नाही.

ही चूक माझी होती. डीटीपीवाल्या दादांची नाही, त्या सभासद बाईची तर मुळीच नाही. मी तिचा होकार घेतला होता, पण होकार कशाला हे तिला ठाऊक नव्हते. फोटो कोणत्या मथळ्याखाली येणार, किती मोठा, शेजारी कोणता मजकूर, किती प्रती, कुणाच्या घरी जाणार, यातले काहीच तिने पाहिले नव्हते. शिवाय काळी पट्टी ओळख लपवतच नाही, ती फक्त बाईला गुन्हेगारासारखी दाखवते.

कायदा काही बाबतींत आपल्या पुढे आहे. मथुरा खटल्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली बलात्काराच्या कायद्यात बदल झाले, तेव्हा भारतीय दंडसंहितेत कलम २२८-अ आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने घेतली आहे. नावच नव्हे, ओळख पटेल असे काहीही छापण्यास त्यात मनाई आहे. निळे दारही त्यात येते. पण रोजच्या मारहाणीच्या हकिगतीला हे कलम लागू नाही. तिथे आपले भान हाच कायदा.

मग सगळ्यांचे चेहरे झाकायचे का? नाही. अर्नाळ्याच्या एका मासळीवाल्या मावशींचा फोटो आम्ही ‘सुरक्षितता’ म्हणून नावाशिवाय छापला, तेव्हा त्या संतापल्या : “माझं नाव का नाही घातलं? मी काय चोरी केली?” त्यांचेही बरोबर होते. होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, मुंबईच्या बायांचे, रस्त्यांचे फोटो त्यांनी तरुणपणीच काढले. पण सुरुवातीला ते पतीच्या, माणेकशांच्या, नावाने छापले गेले. २०११ साली पद्मविभूषण मिळाले म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. बाईचे नाव पुसले जाणे हाही अन्यायच. प्रश्न दाखवायचे की झाकायचे हा नाही. ते कोण ठरवते, हा आहे.

दिल्लीच्या शीबा छाछी यांनी १९८० च्या दशकात हुंडाविरोधी निदर्शनांचे फोटो काढले. मुलीचा हुंड्यापायी बळी गेल्यावर लढायला उभ्या राहिलेल्या सत्यराणी चढ्ढा त्यांत आहेत. पुढे छाछींना आपल्याच फोटोंविषयी अस्वस्थ वाटू लागले : घोषणा देणारी वळलेली मूठ हीच काय ती या बायांची ओळख? १९९० च्या सुमारास त्या पुन्हा सात जणींकडे गेल्या. जागा, कपडे, हातातल्या वस्तू, बसण्याची पद्धत त्या बायांनीच निवडली आणि मग फोटो झाले. चळवळीत कॅमेरा कसा धरावा याचा हा धडा आपल्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ आहे.

आज तो अधिक तातडीचा झाला आहे. २०१३ साली आपल्या हजार प्रती निघत. आज फोटो अंकाआधी दहा गटांच्या व्हॉट्सॲपवर पोहोचतो आणि एका चेहऱ्यावरून कुणीही घाणेरडे खोटे चित्र बनवू शकतो. मुलींचे फोटो टाकताना आपण हे लक्षात घेतो का?

तर, छपाई थांबवली. विद्यार्थिनी आणि मी डमी घेऊन वीटभट्टीवर गेलो. मावशींना मजकूर वाचून दाखवला, पान हातात दिले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी काय सारा वेळ वाकलेलीच असते? उभी असतानाचा घे.” लेखातली मजुरीची एक रक्कमही त्यांनी दुरुस्त केली. आम्ही ती चुकीची लिहिली होती. नवा फोटो पान ११ वर आहे, त्यांच्या पसंतीने, त्यांनी सांगितलेल्या नावासह.

संपादक मंडळाने यापुढे पाळायचे ठरवलेले असे : ज्या बाईचा फोटो, तिला छापण्याआधी पूर्ण पान दाखवायचे, वाचून दाखवायचे, आणि पान छापखान्यात जाईपर्यंत ‘नको’ म्हणण्याची तिला मुभा. हिंसाचाराच्या हकिगतीसोबत त्या बाईचा, घराचा, वस्तीचा फोटो नाही. रेखाचित्र किंवा मोकळी जागा. पाहुण्यांचे नाव असेल तर बायांचेही, त्यांना हवे असल्यास. फोटो आणि मांडणी करणारीचे नाव अंकात. आणि अंकासाठी दिलेला होकार मोबाईलसाठी धरायचा नाही, तो वेगळा विचारायचा.

यावर आमच्यात एकमत झालेले नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने विचारले, “पोलीस लाठी चालवत असतील तेव्हा पान दाखवत फिरायचं का?” तो फोटो पुरावा असतो, हे खरेच. मोर्चात स्वतःहून आलेली बाई आणि दारात उभी राहून हकिगत सांगणारी बाई यांना एकच नियम लावता येईल का? अंक दर वेळी असा रखडला तर वर्गणीदार टिकतील का? आमच्याकडे पक्के उत्तर नाही.

तुमच्या गटात काय करता, कुठे चुकलात, कुठे जमले, ते कळवा. पुढच्या अंकात दोन पाने तुमच्या पत्रांसाठी राखून ठेवली आहेत. त्या पानांवर जागा उरली तरी या वेळी ती फोटोने बुजवणार नाही.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळासाठी