ग्रोव्ह यांची भीती

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अँड्र्यू ग्रोव्ह भेटतात ते एका वाक्यापुरते: संशयाने पछाडलेले असतात तेच टिकतात. ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ हे त्यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाचे शीर्षक. त्या वेळी ते इंटेलचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. ‘पॅरानॉइड’ हा वस्तुतः मनोविकाराच्या परिभाषेतला शब्द. तो कुणी बिरुदासारखा का मिरवावा?

उत्तर त्यांच्या ‘स्विमिंग अक्रॉस’ (२००१) या आत्मकथनात शोधावे लागते. गंमत अशी की ज्या इंटेलमुळे वाचक हे पुस्तक हाती घेतो, ती त्यात जवळजवळ नाहीच. आहे ते बुडापेस्ट. १९३६ साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला आंद्राश ग्रोफ. लहानपणी स्कार्लेट फीव्हरने श्रवणशक्ती अधू झालेली. वडील सक्तीच्या श्रमपथकात. १९४४ मध्ये जर्मन सैन्य आल्यावर आई आणि मुलगा खोट्या नावाने जगले. खोटे नाव तोंडून चुकता कामा नये हे आठव्या वर्षी शिकलेल्या मुलाची सावधता व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवता येईल, असे मला वाटत नाही.

आपल्यासारख्यांना अधिक बोचणारा भाग पुढे आहे. या मुलाला पत्रकार व्हायचे होते. एका नातेवाइकाला अटक झाली आणि त्याचे लेख छापले जाईनासे झाले. ज्या व्यवसायात कामाची किंमत राजकीय मर्जीवर ठरते तो नकोच, म्हणून तो रसायनशास्त्राकडे वळला. संगणकयुगाचा हा शिल्पकार मुळात लेखनातून हुसकावलेला माणूस आहे! १९५६ च्या उठावानंतर त्याने पायी ऑस्ट्रियाची सीमा ओलांडली. पुढे अमेरिकेत नावही बदलले.

१९८५ चा प्रसंग याच प्रकाशात वाचावा. जपानी स्पर्धेपुढे इंटेलचा मेमरी चिपचा धंदा बुडत होता. ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारले, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत का येऊ नये, असा ग्रोव्ह यांचा प्रश्न होता. अभ्यासक याला भीतीचे फळ मानतात. मला ते स्थलांतरिताचे कसब वाटते. एकदा घर आणि नाव मागे टाकलेल्या माणसाला स्वतःकडे परक्याच्या नजरेने पाहणे जमते. निव्वळ भीती माणसाला आहे तिथेच कवटाळून बसायला लावते.

आणि भीती सर्वदर्शीही नसते. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातील दोष एका गणिताच्या प्राध्यापकाने दाखवून दिला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या चाहुलीवर कान ठेवणाऱ्या या कंपनीला ग्राहकाचा आवाज उशिरा ऐकू आला. ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला तो त्यानंतर.

२०१६ मध्ये ग्रोव्ह वारले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्या शिष्यांबद्दल नाही. खुद्द इंटेलमध्ये सकाळी आठनंतर येणाऱ्यांना उशिराच्या यादीत सही करावी लागे. ग्रोव्ह यांची सावधता परिस्थितीने लादलेली होती, आणि तिच्यामुळे एक मूल वाचले. त्या यादीत सही करणाऱ्या अभियंत्याला कुणापासून वाचायचे होते, हा प्रश्न शिष्यांपैकी कुणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.