यंत्राला सांगतात, आपल्याला का नाही?

लहान मूल गुटगुटीत असले की घरात त्याचे कौतुक होते. "खात्यापित्या घरचं लेकरू आहे, माशाअल्लाह," असे दादी म्हणते. तेच मूल बारा-तेरा वर्षांचे होऊन जिना चढताना धापा टाकू लागले, की त्याच घरात त्याचे नाव 'मोटू' पडते. आधी कौतुक होते, मग टोमणे मिळतात. उपचार मात्र राहून जातो.

हा प्रश्न आता दोन-चार घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ४.१ टक्के झाले. मोठ्या मुलांचे चित्र आम्ही आजूबाजूला पाहतोच. जुन्या नाशकाच्या गल्ल्यांत खेळायला जागा नाही. शाळेनंतर शिकवणी आणि शिकवणीनंतर मोबाईल असतो. चहाबरोबर खारी-नानकटाई येते आणि कोपऱ्यावर वडापाव मिळतोच.

डॉक्टरांकडे गेल्यावर ते उंची-वजन घेतात, आहार, झोप आणि खेळ ठरवून देतात आणि महिन्याने बोलावतात. अडचण असते ती मधल्या तीस दिवसांची. त्या दिवसांत मुलाला कोण विचारणार? इथे चॅटबॉट उपयोगी पडेल का, असा विचार जगात सुरू आहे. चॅटबॉट म्हणजे आपण मोबाईलवर लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र. कोरोनाच्या काळात राज्य सरकारने व्हॉट्सअ‍ॅपवर असाच एक सुरू केला होता.

अमेरिकेत वजनावर उपचार घेणाऱ्या २३ मुलामुलींना 'टेस' नावाचा चॅटबॉट देण्यात आला. त्या प्रयोगाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नऊ-दहा ते अठरा वर्षांच्या या मुलांची टेसशी चार हजारांहून अधिक संदेशांची देवाणघेवाण झाली. बहुतेकांनी त्याचा उपयोग झाल्याचे सांगितले. प्रयोग लहान होता, त्यामुळे यंत्राने वजन उतरते असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण मुले यंत्राशी मोकळेपणाने बोलतात, एवढे मात्र दिसले.

याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतच खाण्याच्या विकारांनी त्रस्त असलेल्यांना मदत करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेला २०२३ मध्ये आपला 'टेसा' हा चॅटबॉट बंद करावा लागला. जे आधीच खाण्याला घाबरत होते, त्यांना तो उष्मांक मोजून वजन कमी करण्याचा सल्ला देत असल्याची तक्रार झाली होती. आपली मुले अभ्यासासाठी जे चॅटबॉट वापरतात, त्यांच्यामागे तर त्या मुलाला ओळखणारा डॉक्टरही नसतो. एखाद्या मुलीने "दहा दिवसांत पाच किलो कसे उतरवू?" असे विचारले, तर तिची उंची, तिची पाळी, तिचे रक्त तपासलेले आहे का, हे त्याला ठाऊक नसते.

वाढत्या वयात पुष्कळदा वजन उतरवायचे नसते. ते स्थिर ठेवून उंची वाढू द्यायची असते. शिवाय भारतीय मुलांचे मोजमाप वेगळे आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते दिले आणि त्या कामात पुण्याच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. या तक्त्यांत धोक्याची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा अलीकडे आहे. रमजानमध्ये तर जेवणाच्या वेळाच बदलतात. सहरीला काय खावे, इफ्तारला भजी-समोसे किती, हे मुलाला तपासलेल्या डॉक्टरांनाच विचारावे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. डॉक्टरांनी स्वतः सुचवलेला, त्यांच्या देखरेखीखालचा चॅटबॉट असेल तर जरूर वापरावा. पाणी प्यायलास का, आज खेळलास का, एवढे विचारायला तो चांगला आहे. मात्र औषध, उपास आणि वजनाचे आकडे त्याच्यावर सोडू नयेत. मुलाची माहिती आणि छायाचित्रे कुठे जातात, हेही आईवडिलांनी पाहावे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, असे २०२३ चा आपला कायदा सांगतो.

पण खरा प्रश्न यंत्राचा नाहीच. चोरून खाल्लेले बिस्कीट, शाळेत झालेली चेष्टा, कपडे घेताना वाटलेली लाज मूल यंत्राला सांगते. कारण यंत्र हसत नाही आणि फुफीसमोर विषय काढत नाही. एवढा संयम आपल्या जिभेला जमणार नाही का?

मुलाचे ताट वेगळे करू नका, साऱ्या घराचे दस्तरखान बदला. शरबतात साखर कमी करायची तर ती अब्बूंच्या पेल्यातही कमी व्हावी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर अंगमेहनतीचा खेळ खेळावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी संध्याकाळी मुलांना गोदाकाठी किंवा जवळच्या मैदानावर न्या, आणि मुलींनाही तितकेच न्या. चालता चालता ती बोलू लागली, की मध्ये न बोलता ऐकून घ्या.