पेरणी वसंतात, गोळी पानगळीत!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सँडहिल क्रौंच, म्हणजे आपल्या गोंदियाच्या सारसाचा भाऊबंद, नुकतंच पेरलेलं मक्याचं बी उकरून खातो. दुबार पेरणीचा फटका काय असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण त्यावर उपाय म्हणून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये शिकारीचा हंगाम खुला करण्याचं विधेयक आलं, तेव्हा लोकांनी विरोध केला, तो रास्तच. नुकसान वसंतात, शिकार पानगळीत. मग बी वाचणार कसं? १९३० च्या दशकात तिथं या पक्ष्याच्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या होत्या. वर्षाला दोन अंडी, त्यातलं बहुधा एकच पिल्लू जगतं. बियाण्याला बेचव करणारं औषध चोळलं, की पक्षी दाणा सोडून त्याच शेतातले किडे वेचतो. शेतकऱ्याला त्या औषधाचे पैसे द्या की! बंदुकीचा परवाना घेऊन तो काय करील?